शेवटचा निर्णय कोणाचा? : दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिका आणि कणखर स्त्री

रहस्यकथेला साहित्याच्या दरबारात मानाची जागा कधी मिळाली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या कथा महाराष्ट्रात घरोघरी वाचल्या गेल्या, पण समीक्षेने त्यांना ओसरीवरच बसवून ठेवले. उर्दूत इब्ने सफींची गत फारशी वेगळी नाही. हातोहात फिरून पाने निखळेपर्यंत वाचला गेलेला हा लेखक 'अदब'च्या चर्चेत मात्र बराच काळ गैरहजर राहिला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे या दोन्ही उपेक्षा आम्हांला घरच्याच वाटतात.

आता परिस्थिती बदलली आहे. गुप्तहेर पुस्तकातून निघून पडद्यावर गेला आणि पडदा खिशात आला. आमच्या वर्गातल्या ज्या मुलींनी कॉनन डॉयलचे एक पानही वाचलेले नाही, त्यांना शेरलॉक होम्सचा लांब कोट ठाऊक असतो. त्या ज्या कथा पाहतात त्यांची चिकित्सा करायची नाही असे ठरवणे म्हणजे त्यांच्या वाचनाकडेच पाठ फिरवणे होय.

या मालिकांविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. जुन्या कथा पुरुषांच्या होत्या, त्यांत बाई म्हणजे एक तर प्रेत, नाही तर रडणारी अशील. आता नव्या रूपांतरांनी स्त्रीला कणखर केले आहे. हा दावा कितपत खरा आहे, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी कणखरपणा मोजायचा कशाने, हे ठरवले पाहिजे. बंदूक चालवता येणे, पुरुषाला थप्पड मारणे, चटपटीत उत्तरे देणे ही मापे पडद्याला सोयीची असतात, कारण ती डोळ्यांना दिसतात. आम्ही दुसरे माप सुचवतो. कथेचा डाव उलगडतो तेव्हा त्या स्त्रीच्या आयुष्याचा शेवटचा निर्णय कोण घेते? ती स्वतः, की तिच्या वतीने दुसरा कोणी?

या मापाने पाहू लागले की बरीच उलटापालट होते.

१८९१ सालची आयरीन

'अ स्कँडल इन बोहेमिया' ही कथा जुलै १८९१ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाली. होम्सच्या लघुकथांतली ही पहिली. बोहेमियाचा राजा तोंडावर मुखवटा चढवून होम्सकडे येतो. आयरीन ॲडलर या गायिकेशी त्याचे पूर्वी संबंध होते. दोघांचे एकत्र छायाचित्र तिच्यापाशी आहे. राजाचा विवाह आता एका राजकन्येशी ठरला असून ते छायाचित्र बाहेर आले तर सारे मोडेल, अशी त्याला भीती आहे. त्याने तिच्या घरी चोऱ्या करविल्या, तिचे सामान पळवले, वाटेत माणसे घातली. छायाचित्र मिळाले नाही.

होम्स आधी घोड्यांच्या तबेल्यातल्या नोकराचे सोंग घेतो, मग पाद्र्याचे. वॉटसनकडून खिडकीतून धुराचा गोळा टाकवतो आणि आग लागल्याची ओरड करवतो. घराला आग लागली की माणूस आपली सर्वांत मौल्यवान वस्तू जिथे असेल तिकडे धावतो, हा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर ठरतो. आयरीन भिंतीतल्या चोरकप्प्याकडे जाते आणि होम्सला जागा कळते. पण त्याच क्षणी तिलाही कळते की पाद्री खोटा आहे. ती पुरुषी पोशाख चढवते, होम्सच्या मागोमाग त्याच्या दारापर्यंत जाते आणि रस्त्यातच त्याला नावाने शुभरात्री म्हणून निघून जाते. आवाज ओळखीचा वाटतो, पण कोणाचा ते होम्सला उमगत नाही. दुसऱ्या दिवशी तो राजाला घेऊन तिच्या घरी जातो तेव्हा घर रिकामे असते. चोरकप्प्यात तिचे स्वतःचे एकटीचे छायाचित्र आणि होम्सच्या नावाचे पत्र तेवढे उरलेले असते.

त्या पत्रात तिने जे कळवले ते महत्त्वाचे आहे. गॉडफ्री नॉर्टन या वकिलाशी तिने लग्न केले आहे. राजाला ती त्रास देणार नाही. छायाचित्र मात्र ती स्वतःजवळ ठेवील, कारण पुढेमागे राजाने काही आगळीक केली तर तेच तिचे संरक्षण. म्हणजे लग्न कोणाशी करायचे, देश कधी सोडायचा, सूड घ्यायचा की नाही आणि पुराव्याचे काय करायचे, हे चारही निर्णय तिचे आहेत. राजाचे नाही, होम्सचेही नाहीत. ती आपल्या बरोबरीची असती तर किती चांगली राणी झाली असती, अशी हळहळ राजा व्यक्त करतो. ती राजाच्या पातळीची नाही हे होम्स मान्य करतो, पण त्याच्या होकारात जो बोचरा अर्थ आहे तो राजाच्या डोक्यावरून जातो. राजा पाचूची अंगठी देऊ करतो. होम्स ती नाकारून आयरीनचे छायाचित्र मागून घेतो. बायकांच्या अकलेची थट्टा करण्याची त्याची जुनी सवय त्यानंतर सुटली, असे वॉटसन नोंदवतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डॉयल हे काही स्त्रीमुक्तीचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात नाहीत. ही कथा राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, सारे संकेत सांभाळणारी. तरीही कथेने आयरीनला जिंकू दिले आणि तिचा विजय शेवटच्या ओळीपर्यंत अबाधित ठेवला.

१९८४ साली इंग्लंडच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेटला होम्स करून जी मालिका सुरू केली, तिचा पहिलाच भाग या कथेवर होता. गेल हनिकट या अभिनेत्रीने त्यात आयरीन साकारली. मालिका मूळ कथेला धरून चालते. आयरीनचा रुबाब तिच्या उभे राहण्यात, बोलण्यात आणि थांबण्यात दिसतो. तिला वेगळे शस्त्र द्यावे असे दिग्दर्शकाला वाटले नाही.

एकशेवीस वर्षांनंतर

१ जानेवारी २०१२ रोजी बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत 'अ स्कँडल इन बेल्ग्रेव्हिया' हा भाग दाखवण्यात आला. लेखक स्टीव्हन मॉफट. बेनेडिक्ट कंबरबॅच शेरलॉक, लारा पल्व्हर आयरीन. काळ आजचा. भाग चमकदार आहे, संवाद धारदार आहेत, तो पाहताना कंटाळा येत नाही. हे सगळे मान्य करूनच पुढे लिहितो.

ही आयरीन गायिका नाही. श्रीमंत गिऱ्हाइकांना पैसे घेऊन चाबकाचा मार देणे हा तिचा धंदा आहे. तिच्या मोबाइलमध्ये राजघराण्यातील एका स्त्रीची छायाचित्रे आहेत. पाद्र्याच्या वेशात शेरलॉक घरी येतो तेव्हा ती अंगावर एकही वस्त्र न ठेवता त्याच्यासमोर येते. माणसाच्या बाहीवरच्या डागावरून त्याचा इतिहास सांगणारा शेरलॉक तिच्याकडे पाहून काहीच ताडू शकत नाही. पुढे ती त्याला गुंगीचे औषध टोचते, चाबकाने मारते, स्वतःच्या मृत्यूचे नाटक करते, त्याच्याकडून गुप्त संदेशाची उकल करून घेते आणि सरकारला कोंडीत पकडते. इथवर पाहिले तर वाटते, मूळ आयरीनपेक्षा हिची ताकद दसपट.

आता आपले माप लावू. हा सारा डाव तिचा आहे का? नाही. होम्स बंधूंना कसे खेळवायचे याचा सल्ला तिला मोरियार्टीने दिला, असे ती स्वतःच सांगते. मूळ कथेत जी बुद्धी तिची होती ती येथे एका पुरुषाकडून उसनी आणली आहे. मोबाइलचे कुलूप शेवटी कसे उघडते? शेरलॉकने तिच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली आहे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या पाहिल्या आहेत. ती त्याच्या प्रेमात पडली आहे, म्हणून तिने सांकेतिक शब्दही त्याच्याच नावातून घेतला आहे. आपला ओढा स्त्रियांकडे आहे असे तिने वॉटसनला आधी सांगितले असले तरी लेखकाला त्याचा अडथळा होत नाही. जी बाई डोक्याने हरत नव्हती तिला हृदयाने हरवले. ती गयावया करते. शेरलॉक पाठ फिरवून निघून जातो.

१८९१ साली होम्स हरला होता, कारण त्याने बाईला कमी लेखले. २०१२ साली आयरीन हरते, कारण ती बाई आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांतही या भागावर टीका झाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पण त्या टीकेत ज्या प्रसंगाकडे आमचे लक्ष जाते त्याची चर्चा आम्हांला फारशी आढळली नाही. तो प्रसंग कराचीचा.

कराची

भागाच्या अखेरीस वॉटसनला सांगण्यात येते की कराचीत एका दहशतवादी टोळीने आयरीनला पकडून तिचा शिरच्छेद केला. मग शेरलॉकच्या आठवणीतून खरी हकीकत दिसते. रात्र आहे. आयरीन काळ्या वस्त्रात, डोके झाकलेली, गुडघ्यांवर बसली आहे. मागे तलवार घेतलेला माणूस. ती शेवटचा निरोप मोबाइलवर लिहून पाठवते आणि डोळे मिटते. तेवढ्यात मोबाइलचा तो ओळखीचा आवाज येतो. तलवार घेतलेला माणूस शेरलॉक निघतो. तो तिला पळायला सांगतो. भाग संपतो.

हा प्रसंग एका मिनिटाचा. पण आमच्यासारख्या वाचक-प्रेक्षकाला तो सहज गिळता येत नाही. कराची म्हणजे काय? कोकणातल्या कित्येक मुस्लिम कुटुंबांचे नातलग तेथे आहेत. इब्ने सफी १९५२ साली अलाहाबादहून पाकिस्तानात गेले. पुढे कराचीतच राहिले, लिहीत राहिले आणि २६ जुलै १९८० रोजी त्याच शहरात वारले. उर्दू जासूसी अदबाची राजधानी म्हणावी असे हे शहर. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराला एकदाच त्या शहरात नेले, तेही गळा कापण्याची जागा म्हणून. तेथे गल्ली नाही, दुकान नाही, माणसाला चेहरा नाही. एक अंधार आहे आणि एक तलवार आहे. एका गोऱ्या बाईला हरवून झाल्यावर पुन्हा वाचवायचे तर असा अंधार लागतो, आणि तो आमच्या वस्तीतून उसना घेतला जातो.

यातली दुसरी बाब कपड्यांची. या आयरीनचे पहिले महत्त्वाचे दृश्य तिच्या नग्नतेचे आहे. ती नग्नता हाच तिचा लढाईचा पोशाख, असे मालिका सांगते. शेवटचे दृश्य काळ्या आच्छादनाचे आहे, आणि ते पराभवाचा, मरणाचा पोशाख म्हणून आले आहे. उघडी ती ताकदवान आणि झाकलेली ती बळी, असे सरळ समीकरण प्रेक्षकाच्या मनात तयार होते. कोणी ते तोंडाने बोलत नाही, म्हणून ते अधिक खोल जाते.

आपल्या समाजात याच्या नेमके उलट समीकरण मांडणारेही कमी नाहीत. झाकलेली ती सुशील, न झाकलेली ती बिघडलेली. आम्हांला ही दोन्ही समीकरणे एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. दोघेही बाईच्या अंगावर काय आहे ते पाहतात. तिच्या मनात काय आहे आणि तिने काय ठरवले आहे हे विचारत नाहीत. मूळ आयरीननेही कपडे बदलले होते. पुरुषी पोशाख तिने स्वतः, स्वतःच्या कामासाठी, एका संध्याकाळपुरता चढवला आणि काम झाल्यावर उतरवला. तेथे पोशाख हे तिच्या हातातले साधन होते. २०१२ च्या आयरीनचा शेवटचा पोशाख दुसऱ्यांनी चढवलेला, आणि त्यातून सुटकाही दुसऱ्याने केलेली. बुरखा घालणारी आणि न घालणारी अशा दोन्ही तऱ्हांच्या मुली आमच्या वर्गात शिकतात. दोघींनाही या कथेतून एकच धडा मिळतो, की शेवटी कोणीतरी येऊन वाचवावे लागते.

मेरी, आणि त्या जांभळ्या टोप्या

'शेरलॉक'मधल्या इतर स्त्रियांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीतली मेरी मॉर्स्टन ही साधी शिक्षिका. वडिलांच्या कागदपत्रांतून तिने नेमका कामाचा कागद जपून ठेवलेला असतो, आणि तिच्याकडे या कामाची उपजत दृष्टी आहे असे होम्स म्हणतो. मालिकेत तिला पूर्वीची भाडोत्री मारेकरी केले आणि २०१७ साली शेरलॉकवर झाडलेली गोळी अंगावर घेऊन ती मेली. तिच्या हाती बंदूक आली, पण आयुष्य पुरुषांच्या मैत्रीची किंमत चुकवण्यात गेले.

१ जानेवारी २०१६ रोजी दाखवलेल्या 'द अबॉमिनेबल ब्राइड' या विशेष भागात तर मालिकेने टीकेला उत्तर देण्याचाच प्रयत्न केला. अन्याय सोसलेल्या स्त्रियांची एक गुप्त संघटना त्यात आहे. त्या जांभळ्या टोपड्यांखाली तोंड लपवून जमतात. चांगली कल्पना. पण त्या जमलेल्या असताना त्यांच्या लढ्याचा अर्थ उभा राहून समजावून सांगतो कोण, तर शेरलॉक. बायका ऐकतात. शिक्षक म्हणून सांगतो, वर्गात उत्तर मुलीला येत असताना मास्तरने तेच उत्तर स्वतः फळ्यावर लिहावे, तसे हे झाले.

दुसरा रस्ता

मूळ कथेला हात लावू नये, असे आमचे म्हणणे आहे असा समज होऊ शकेल. तो बरोबर नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'एलिमेंटरी' ही मालिका सुरू झाली आणि २०१९ पर्यंत सात पर्वे, १५४ भाग चालली. तिने मूळ कथेत केलेले बदल ऐकले तर शुद्धतावादी वाचक कानांवर हात ठेवतील. होम्स न्यूयॉर्कमध्ये राहणारा, व्यसनातून सुटू पाहणारा माणूस. वॉटसन ही बाई, जोन वॉटसन. ल्युसी ल्यू या चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीने ती भूमिका केली. आयरीन ॲडलर आणि मोरियार्टी या दोन व्यक्ती नसून एकच बाई आहे, हा तर पहिल्या पर्वाच्या शेवटचा मोठा धक्का.

तरीही आमच्या मापाला ही मालिका उतरते. जोन वॉटसन शल्यविशारद होती. शस्त्रक्रियेत एक रुग्ण दगावल्यावर तिने ते काम सोडले. व्यसनमुक्त झालेल्या माणसाची सोबत करणे हा तिचा नवा पेशा, म्हणून ती होम्सकडे येते. नेमलेली मुदत संपते, पण ती राहते, कारण हे काम शिकायचे असे तिने ठरवलेले असते. ती चुकते, शिकते, स्वतंत्रपणे प्रकरणे सोडवते, वेगळे घर करते, परत येते. सात वर्षांत दोघांचे प्रेमप्रकरण झाले नाही. बाई आणि पुरुष एकत्र काम करतात म्हणजे पुढे काय होणार, या प्रेक्षकाच्या सवयीला मालिकेने दाद दिली नाही. दोघांमधला आदर हाच कथेचा कणा राहिला.

आणि मोरियार्टीला पकडते कोण? होम्स नव्हे. नॅटली डॉर्मरने साकारलेली ही मोरियार्टी जोनला होम्सचे पाळीव जनावर समजून बोलते. जोन मात्र तिचे बोलणे ऐकून तिच्या मनातला कच्चा दुवा हेरते आणि त्यावर सापळा रचवते. येथेही बाई प्रेमामुळेच हरते हे खरे, आणि तेवढे न्यून आम्ही मान्य करतो. पण तिला ओळखणारी बुद्धी दुसऱ्या बाईची आहे, आणि तिला कमी लेखल्याचीच शिक्षा मोरियार्टीला मिळाली आहे. १८९१ च्या कथेचा गाभा हाच होता. ज्याने बाईला कमी लेखले तो हरला. सारे बदलून 'एलिमेंटरी'ने गाभा राखला. वेशभूषेपासून आडनावांपर्यंत कितीतरी गोष्टी उचलून 'शेरलॉक'च्या त्या भागाने गाभाच उलटा केला.

विणकाम करणारी म्हातारी

कणखर स्त्रीचे चित्र तरुण आणि देखणेच असले पाहिजे, हा पडद्याचा आणखी एक आग्रह. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल या आग्रहाला सरळ उत्तर आहे. 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' (१९३०) या कादंबरीपासून ती बारा कादंबऱ्यांत येते. अविवाहित, वयस्क, हातात विणकाम. कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि नेमका त्याचाच तिला उपयोग होतो. गावातल्या माणसांचे स्वभाव तिने आयुष्यभर पाहिले आहेत. खुनी माणूस तिला त्यांतल्याच कोणाची तरी आठवण करून देतो.

बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात बाराही कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. जोन हिक्सन मार्पल झाल्या तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. त्या मोठ्याने बोलत नाहीत, धावत नाहीत. दुसरा बोलत असताना त्यांचे डोळे काम करत असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खाला आणि नानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. कोणाच्या घरात काय शिजते आहे हे चौकटीत बसून ओळखणाऱ्या या बायकांच्या ज्ञानाला आपण 'चुगली' म्हणून मोडीत काढतो. ख्रिस्तीबाईंनी त्याच ज्ञानाला तपासाची हैसियत दिली.

२००४ साली आयटीव्ही वाहिनीने नवी 'मार्पल' मालिका सुरू केली, ती २०१३ पर्यंत चालली. आरंभी जेराल्डीन मॅकइवान या भूमिकेत होत्या. निर्मात्यांना बहुधा वाटले की एकट्या राहिलेल्या बाईला काही कारण हवे. म्हणून तरुणपणी एका विवाहित सैनिकावरचे तिचे प्रेम आणि पहिल्या महायुद्धातला त्याचा मृत्यू असा भूतकाळ जोडण्यात आला. पुस्तकातल्या मार्पलला अशा खुलाशाची गरज नव्हती. ती एकटी आहे आणि पूर्ण आहे. बाई एकटी असेल तर त्यामागे एखादा गेलेला पुरुष असलाच पाहिजे, ही समजूत लग्नाच्या बैठकीत ऐकू येते तशीच लंडनच्या स्टुडिओतही असावी.

याच मालिकेने आणखी एक गोष्ट केली. मार्पल जिथे मुळात नाही अशा कादंबऱ्यांतही तिला घुसवले. 'द सिटाफोर्ड मिस्टरी' (१९३१) या कादंबरीत एमिली ट्रेफुसिस नावाची तरुणी आहे. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला खुनाच्या आरोपाखाली अटक होते. तो मनाने कमकुवत आहे हे ती जाणून आहे, तरी ती बर्फातल्या त्या गावात जाते, एका वार्ताहराला कामाला लावते आणि तपास पुरा करते. वार्ताहर तिच्या प्रेमात पडतो. ती विचार करून नकार देते आणि आपल्याच माणसाकडे परतते. शेवटचा निर्णय पुन्हा तिचाच. २००६ च्या रूपांतरात एमिली आहे, पण मार्पल आल्यामुळे तपासाची सूत्रे तिच्या हातात उरली नाहीत. एका कणखर बाईला जागा द्यायची म्हणून दुसरीला उठवले.

२०२३ साली विशाल भारद्वाज यांनी याच कादंबरीवरून 'चार्ली चोप्रा अँड द मिस्टरी ऑफ सोलांग व्हॅली' ही हिंदी मालिका केली. एमिलीची चार्ली झाली, डार्टमूरचे बर्फ मनालीजवळ आले आणि वामिका गब्बीच्या चार्लीला तिचा तपास परत मिळाला. चार्ली अधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोलते. ते काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण कथा सांगण्याचा हक्कही तिच्याकडे आहे, हे त्यातून ठसते.

आपल्या घरातली गोष्ट

इंग्रजांची झाडाझडती घेऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दूरदर्शनवर १९९३ साली बासू चटर्जी यांनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथांवरून 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका आणली. रजित कपूर ब्योमकेश आणि आपल्या मराठीतल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती. भावावर खुनाचा आळ आलेला असताना सत्यवती एकटी ब्योमकेशच्या दारी येऊन मदत मागते. त्या काळच्या बंगाली घरातल्या मुलीसाठी हे पाऊल लहान नाही. कुलकर्णी यांनी ते गाजावाजा न करता उभे केले. लग्नानंतर मात्र सत्यवतीचा वावर बराचसा घरातला, चहाचा आणि थट्टेचा. १९८५ च्या 'करमचंद'मध्ये, जी मालिका कोणत्या पुस्तकावरून नव्हती, किटीला गप्प बसवणे हाच विनोद होता आणि सारा देश त्यावर हसला.

आणि इब्ने सफी? त्यांच्या इमरान सिरीजमधली जुलियाना फिट्झवॉटर सीक्रेट सर्व्हिसमध्ये महत्त्वाच्या पदावर आहे, हुशार आहे, धीट आहे. पण ज्या एक्स-टूचे हुकूम ती फोनवर घेते तो कोण, हे तिला माहीत नाही. ज्या इमरानला ती खुळा समजते तोच तो आहे. वाचकाला ठाऊक, तिला नाही. आमच्या मते इब्ने सफींची खरी स्वतंत्र स्त्री म्हणजे त्यांची खलनायिका थ्रेसिया, जिच्या नावातही योगायोगाने बोहेमिया आहे. तीही इमरानवर भाळलेली आहे, पण त्यासाठी आपला खेळ सोडत नाही आणि निसटून जाते. आमच्या अदबातली बाई मोकळी झाली ती गुन्हेगार होऊन. याचा विचार उर्दू समीक्षकांनी करायला हवा, आणि मराठीत लिहिणाऱ्या आपणही.

काय मागायचे?

बी. एड.च्या अभ्यासक्रमात शिकवतात की प्रश्न चुकीचा असेल तर उत्तरे तपासून उपयोग नाही. 'या मालिकेत कणखर स्त्री आहे का?' हा प्रश्न चुकीचा आहे. त्याचे उत्तर निर्माते नेहमी 'होय' असेच देतील आणि पुराव्यादाखल एक बंदूक दाखवतील. 'तिने काय ठरवले, आणि कथेने ते मानले का?' असा प्रश्न मुलींना विचारायला शिकवले पाहिजे. भाषेच्या तासाला हे सहज करता येते. एक मूळ कथा वाचायची, तिचे रूपांतर पाहायचे आणि प्रत्येक स्त्रीपात्राने घेतलेल्या निर्णयांची यादी करायची. फार साधने लागत नाहीत.

आपल्यातल्या लिहिणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. मराठी मुस्लिम कथेत तलाक सोसणारी, सवत सोसणारी, दंगल सोसणारी स्त्री पुष्कळ आली आणि ती येणे आवश्यकच होते. पण तपास करणारी आली का? भिवंडीच्या यंत्रमागाच्या गल्लीत, मालेगावच्या मोहल्ल्यात, रत्नागिरीच्या खाडीकाठी एखादी निवृत्त शिक्षिका, एखादी दाई, एखादी वकील मुलगी खोटे कोण बोलते आहे हे शोधून काढते आहे, अशी कथा लिहिली गेली पाहिजे. तिने बुरखा घालावा की घालू नये हे लेखकाने ठरवू नये, तिला ठरवू द्यावे. तिला बंदूक दिली नाही तरी चालेल. खोटे सापडल्यानंतर पुढे काय करायचे हे तिला ठरवू द्या, आणि शेवटच्या पानावर कोणा शहाण्या पुरुषाला पाठवून तिचा निर्णय फिरवू नका.